राजाला पटावरून उचलत नाहीत

बुद्धिबळ नव्यानं शिकणारं मूल पहिल्या दोन-चार दिवसांतच विचारतं, "पण राजाला मारायचं कधी?" प्यादं मारता येतं, घोडा मारता येतो, वजीरसुद्धा मारता येतो. मग ज्याच्यासाठी हा सगळा पट मांडला तो राजा हाती कधी लागणार? आपण सांगतो, "राजाला मारत नाहीत, मात करतात." मूल मान डोलावतं आणि पुढच्याच डावात संधी मिळताच राजा उचलून मुठीत घट्ट धरतं. त्याला रागावू नये. त्याचा प्रश्न चांगला आहे, आणि आपण मोठ्यांनीही त्याचं उत्तर बहुधा नीट शोधलेलं नसतं.

जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या, नियमावलीत अगदी सुरुवातीलाच तीन गोष्टींना एकत्र मनाई केली आहे. आपला राजा शहाखाली तसाच ठेवायचा नाही. आपला राजा आपणहून शहाखाली न्यायचा नाही. आणि प्रतिस्पर्ध्याचा राजा मारायचा नाही. तर्कानं पाहिलं तर यातलं तिसरं वाक्य जास्तीचं आहे. पहिली दोन पाळली गेली तर राजा मारण्याची वेळ कुणावर येणारच नाही. तरीही ते लिहिलेलं आहे, आणि मला त्या वाक्याबद्दल फार आदर वाटतो. पहिली दोन बंधनं माझ्या राजापुरती आहेत. तिसरं लागू होतं ते समोरच्याच्या हातून चूक झाल्यावर. त्याचं लक्ष उडालं, शह न पाहता त्यानं भलतीकडेच प्यादं सरकवलं आणि त्याचा राजा माझ्या हत्तीच्या थेट वाटेत उभा राहिला, तर त्या क्षणी नियम माझा हात धरतो.

एरवी हा खेळ चुकीला क्षमा करत नाही. हात लावलेला मोहरा खेळावाच लागतो. बिनजोर ठेवलेला वजीर जातो तो जातोच. प्रतिस्पर्ध्यानं दया दाखवावी अशी अपेक्षा कुणी करत नाही आणि करूही नये. एका खेळीत होणारी मात दिसली नाही तरी सुटका नसते. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीतल्या बॉन शहरात जगज्जेता व्लादिमीर क्रामनिक 'डीप फ्रिट्झ' या संगणकाशी खेळत होता. दुसऱ्या डावात, स्थिती चांगली असताना, त्यानं शांतपणे वजीर हलवला आणि पुढच्याच खेळीत संगणकानं मात केली. अशा खेळाडूकडून असं व्हावं याचं सगळ्यांनाच आश्चर्य वाटलं, पण डाव संपला होता. इतक्या कडक खेळात सवलत एकाच जागी आहे. राजावर हल्ला झाला आहे आणि तुम्हाला ते कळलेलंच नाही, अशा अवस्थेत तुमचा डाव संपवला जात नाही. उत्तराची एक खेळी तुम्हाला मिळतेच. ती खेळी पटावर कुठेच सापडत नसेल, तरच तुम्ही हरता.

ही रीत पहिल्यापासून अशी नव्हती. आपल्याकडे चौघांनी फासे टाकून खेळायचं चतुरंग होतं. अल बिरूनीनं इसवी सन १०३० च्या सुमारास भारताबद्दल लिहिताना चौघांच्या अशा खेळाचं वर्णन केलं आहे, आणि पुढे बंगालमधल्या रघुनंदन या पंडितानं आपल्या 'तिथितत्त्व' या ग्रंथात त्याचे नियम नोंदवले. त्या खेळात राजा सरळ मारला जाई. दुसऱ्या राजाच्या मूळ घरात जाऊन बसण्याला 'सिंहासन' म्हणत. पकडलेल्या राजांची अदलाबदल करून आपला राजा परत पटावर आणायचीही सोय होती. फासे जिथे चालवायला लागतात तिथे राजाही दैवाच्या हवाली असणार, हे ओघानंच आलं. पण फासे बाजूला पडले आणि सगळी जबाबदारी खेळणाऱ्याच्या बुद्धीवर आली, तेव्हा राजा चुकून जाणं खटकू लागलं असावं. राजावर चाल करताना "शाह" असं उच्चारून सावध करण्याची चाल इराणी खेळाडूंनी पाडली, असं बुद्धिबळाचे इतिहासकार मानतात. आजच्या नियमात शह तोंडानं सांगणं सक्तीचं नाही, मोठ्या स्पर्धेत कुणी सांगतही नाही. सावध करण्याचं ते काम आता नियमच करतो.

आपल्या जुन्या देशी पद्धतीत राजाबद्दलचे आणखी काही बारकावे होते. राजाखेरीज समोरच्याचं सगळं सैन्य मारलं गेलं तर डाव 'बुर्जी' म्हणून तिथेच थांबे. एकट्या उरलेल्या राजाला पटभर पिटाळून मात करण्यात भूषण मानलं जात नसे. प्याद्यानं केलेली मात मानाची. आणि राजाला तोवर एकदाही शह लागलेला नसेल, तर त्याला साऱ्या डावात एकदा घोड्याची अडीच घरांची चाल करण्याची मुभा असे. १८१४ मध्ये तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं संस्कृत लेखन मुंबईत इंग्रजीत छापलं गेलं, तेव्हा ते युरोपीय खेळाच्या पद्धतीशी जुळवून घ्यावं लागलं. दोन रिती तेव्हा शेजारी-शेजारी नांदत होत्या. पंजाबचा मीर सुलतान खान लहानपणी देशी पद्धतीनंच खेळायला शिकला. नंतर त्यानं युरोपीय नियम आत्मसात केले आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. फिडेनं २०२४ मध्ये त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं. राजानं कसं चालावं याची सवय इतक्या खोलवर रुजलेली असताना ती बदलून जगातल्या उत्तमोत्तमांना हरवणं, हे मला त्याच्या पदकांपेक्षाही मोठं वाटतं.

राजाला मारायचं नाही या नियमातून आणखी एक विलक्षण गोष्ट निघते. समजा, काळा वजीर माझ्या राजाला खेटून शह देत उभा आहे. राजा बिनजोर मोहरा मारू शकतो, जोर असलेला नाही, हे आपण पहिल्या दिवशी शिकतो. या वजिराला एका काळ्या उंटाचा जोर आहे. पण तो उंट माझ्या हत्तीनं जखडून ठेवला आहे. तो हलला तर काळ्याचाच राजा उघडा पडेल. मग माझ्या राजानं वजीर का मारू नये? जोर देणाऱ्याला जागचं हलताच येत नाही! हा प्रश्न चांगल्या खेळणाऱ्या मुलांनाही पडतो आणि घरोघरी यावरून वाद होतात. नियम मात्र स्वच्छ आहे. जखडलेल्या मोहऱ्याचा जोरही जोर, आणि त्याचा शहही शह. माझ्या राजाला तो वजीर मारता येत नाही.

याचं कारण शोधायचं तर आपल्याला कधीच खेळली न जाणारी खेळी मनात खेळून पाहावी लागते. माझ्या राजानं वजीर मारला, असं धरू. काळा उंट येऊन माझा राजा मारील. मग माझा हत्ती त्याचा राजा मारील. पण पहिला राजा पडला तिथेच युद्ध संपलं. नंतरच्या वाराला अर्थ उरत नाही. दोन राजे एकमेकांशेजारी का उभे राहू शकत नाहीत, याचं उत्तरही हेच. शेजारी जाणारा आधी मरेल. म्हणजे राजा मारण्याची खेळी पटावर कधीच दिसत नाही, आणि तरीही कोणती खेळी वैध आणि कोणती अवैध हे तिच्यावरूनच ठरतं. (अलीकडे संगणकाला जोडलेल्या पटांवर डाव संपल्यावर निकाल कळवण्यासाठी दोन्ही राजे मधल्या चार घरांत आणून ठेवतात, पांढरा जिंकला तर दोघेही पांढऱ्या घरांत, काळा जिंकला तर काळ्या. डावात जे शेजारपण त्यांना कधीच लाभत नाही ते तेव्हा मिळतं.)

कोंडीचा नियमही याच मुळाचा. राजाला शह नाही, पण तो जिथे जाईल तिथे मार आहे, आणि बाकीच्या कोणत्याही मोहऱ्याला चाल उरलेली नाही. राजा मारणं मान्य असतं तर अशा खेळाडूला नाइलाजानं राजा मरणाच्या घरात टाकावा लागला असता आणि तो हरला असता. पण स्वतःचा राजा शहाखाली न्यायला मनाई आहे, म्हणून तो हलूच शकत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. इथवर यायला शतकं लागली. अरबांच्या खेळात कोंडी करणारा जिंकत असे. इंग्लंडात सतराव्या-अठराव्या शतकांत उलटंच होतं. कोंडी करणारा हरत असे. एकोणिसाव्या शतकात बरोबरीचा नियम स्थिरावला. आजही अधूनमधून कुणीतरी म्हणतं की कोंडी करणाऱ्याला विजय द्यावा, कारण वरचढ तोच असतो. मला ते पटत नाही. वरचढ असलेल्यानं शेवटपर्यंत डोळे उघडे ठेवायला हवेत. समोरच्याला हरवायचं तर त्याच्यावर हल्ला करून हरवा. त्याला नुसतं हलता येणार नाही असं करून विजयाचा हक्क सांगू नका. हरत आलेला खेळाडू आपले उरलेसुरले मोहरे एकेक करून देत स्वतःला कोंडीत नेतो आणि अर्धा गुण वाचवतो, तेव्हा त्यात हुशारीइतकंच धैर्यही असतं.

कधी कधी मात्र सगळा गोंधळ एकाच क्षणी उभा राहतो. २०१७ च्या डिसेंबरमध्ये सौदी अरेबियातल्या रियाध इथे जागतिक अतिजलद स्पर्धेची पहिली फेरी चालू होती. मॅग्नस कार्लसननं हत्तीनं शह दिला. समोरच्या अर्नेस्तो इनार्किएवनं तो शह काढला नाही. उलट घोडा नेऊन कार्लसनच्याच राजाला शह दिला. अवैध खेळी. पण घड्याळात उरलेल्या मोजक्या वेळात कार्लसनचा हात सवयीनं स्वतःच्या राजाकडे गेला आणि त्यानं तो बाजूला सरकवला. लगेच इनार्किएवनं घड्याळ थांबवून तक्रार केली, की माझा राजा शहात असताना यानं दुसरंच काही खेळलं, ही अवैध खेळी आहे. एका पंचानं त्याची बाजू उचलून त्याला विजय दिला. मग मुख्य पंचांनी तो निर्णय फिरवला आणि डाव आहे त्या स्थितीतून पुढे खेळायला सांगितला. इनार्किएवनं नकार दिला आणि डाव कार्लसनला मिळाला. मुख्य पंचांनी योग्य केलं असं मला वाटतं. समोरच्याच्या चुकीवर विजय उभारायला नियम तयार नसेल, तर स्वतःच्याच चुकीवर तो उभारू देण्याचा प्रश्नच कुठे येतो?

सर्वसाधारण स्पर्धेत अशी अवैध खेळी झाली तर पट आधीच्या स्थितीत आणतात, समोरच्याला दोन मिनिटं जादा देतात, आणि दुसऱ्यांदा तसं घडलं तर डाव गमावावा लागतो. शिक्षा आहे, पण आधी एकदा सुधारायची संधी आहे. बागेत, वसतिगृहात, चाळीच्या गॅलरीत झटपट डाव चालतात तिथे राजा उचलून "संपलं!" म्हणायची पद्धत पडली आहे. वेळ कमी असतो, पंच नसतो, हे मान्य. तरी मुलांना शिकवताना ती वापरू नये. मुलानं राजा शहात सोडला तर खेळी परत द्यावी आणि शह कुठून आला ते त्यालाच शोधू द्यावं. शोधायला पाच मिनिटं लागली तरी लागू देत. त्या पाच मिनिटांत ते उंटाची तिरपी रेघ पटाच्या टोकापर्यंत डोळ्यांनी पाहायला शिकतं. शहातून सुटायच्या तीन वाटा, म्हणजे राजा हलवणं, मध्ये मोहरा घालणं आणि शह देणाऱ्यालाच मारणं, त्यानं स्वतः चाचपून पाहाव्यात. घोड्याच्या शहाला मध्ये काही घालता येत नाही आणि दुहेरी शह लागला तर राजाला हलावंच लागतं, हेही मग सांगायला लागत नाही.

राजाच्या चालीत एकच मोठी उडी आहे, कॅसलिंगची. आपल्याकडे तिला किल्लेकोटही म्हणतात. देशी पद्धतीतली घोड्याची एक चाल आणि युरोपातली मध्ययुगीन 'राजाची झेप' या दोन्ही मला एकाच मायेतून आलेल्या वाटतात. एका पावलानं चालणाऱ्याला सुरक्षित जागी जायला एकदा हात द्यावा, इतकंच त्यांमागे असावं. पुढे युरोपात त्या झेपेला हत्तीची जोड मिळाली आणि कॅसलिंग तयार झालं. त्याच्या अटी मात्र कडक आहेत. राजा किंवा तो हत्ती आधी हललेला नसावा, मधली घरं मोकळी असावीत, राजाला शह नसावा, आणि राजा ज्या घरावरून जाणार व ज्या घरात बसणार तिथे मार नसावा. सगळी काळजी राजाची. हत्तीवर मार असला तरी हरकत नाही. १९७४ च्या कँडिडेट्स अंतिम सामन्यात अनातोली कार्पोवविरुद्धच्या एकविसाव्या डावात व्हिक्टर कोर्चनोयला नेमकी हीच शंका आली: माझ्या हत्तीवर मार आहे, मला कॅसलिंग करता येईल का? तो उठून पंच अल्बेरिक ओ'केली यांच्याकडे गेला, विचारून आला, कॅसलिंग केलं आणि एकोणीस खेळींत डाव जिंकला. जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावरच्या खेळाडूनं इतकी प्राथमिक शंका सगळ्यांदेखत विचारावी, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

एवढं जपूनही राजाला कधी कधी उघड्यावर चालावंच लागतं. १९१२ मध्ये लंडनला एडवर्ड लास्कर (जगज्जेते इमॅन्युएल लास्कर ते वेगळे) आणि जॉर्ज थॉमस यांचा डाव झाला. लास्करनं वजिराचा बळी दिला आणि थॉमसच्या राजाला शहामागून शह देत पार पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आपल्याच पहिल्या ओळीपर्यंत, ओढत आणलं. अठराव्या खेळीला मात झाली, तीही राजाच्या खेळीनं. राजा कधीच स्वतः शह देऊ शकत नाही; पण लास्करचा राजा एक घर बाजूला झाला आणि मागच्या हत्तीची वाट मोकळी झाली. तिथे कॅसलिंग करूनही मात होत होती. १९९१ मध्ये नेदरलँड्समधल्या टिलबर्ग इथे नायजेल शॉर्टनं यान टिमनविरुद्ध त्याहून धाडसी काम केलं. दोन्ही वजीर आणि हत्ती पटावर असताना त्याचा राजा आपणहून घर सोडून निघाला आणि एकेक पाऊल टाकत चार खेळींत समोरच्या राजाच्या दाराशी पोचला. पुढच्या पावलावर तो आपल्या वजिराला जोर देणार होता, आणि त्याला अडवायला काळ्याकडे काहीच नव्हतं. टिमननं डाव सोडला.

आज सकाळी हाताशी पट असेल तर चारच मोहरे मांडून पाहा. पांढरा राजा एच-८ वर, पांढरं प्यादं सी-६ वर. काळा राजा ए-६ वर, काळं प्यादं एच-५ वर. खेळी पांढऱ्याची, आणि त्याला बरोबरी साधायची आहे. रिचर्ड रेटी यानं १९२१ मध्ये ही रचना केली. पाहताक्षणी वाटतं, काही आशा नाही. काळं प्यादं दोन पावलं पुढे निघून गेलं आहे. पांढरा राजा उभ्या पट्टीतून कितीही धावला तरी ते हाती लागत नाही. स्वतःच्या प्याद्याकडे जावं तर तेही लांब, आणि काळा राजा त्याच्या शेजारीच उभा. पण पांढरा राजा सरळ न धावता तिरपा निघतो: जी-७, एफ-६, ई-५. तिथे पोचला की त्याच्यापुढे दोन वाटा असतात. काळ्यानं सी-६ वरचं प्यादं मारण्यात वेळ घालवला तर एफ-४ वरून जाऊन काळं प्यादं गाठायचं. काळ्यानं आपलं प्यादं पुढे दामटलं तर डी-६ वर जाऊन आपल्या प्याद्याला वजीर करायचं. एका वेळी दोन्ही वाटा अडवणं काळ्याला जमत नाही. मुलं हे पाहून हटकून घरं मोजायला बसतात, कारण डोळ्यांचा विश्वास बसत नाही. मोजू द्यावीत. एच-८ वरून एच-२ वर सरळ खाली उतरलं तर सहा खेळी लागतात, आणि ई-५ चा वळसा घेऊन गेलं तरीही सहाच.